उघडीप मिळाली तरी गोदाम उघडू नका

श्रावणात दोन दिवस ऊन पडलं की कोकणातल्या दुकानांत एकच सल्ला ऐकू येतो: शटर वर करा, खिडक्या उघडा, गोदामात जरा हवा खेळू दे, माल सुकेल. रत्नागिरी-कुडाळच्या सुपरमार्केटात फळ्या भरणारी मुलं हेच करतात आणि बाजारपेठेतला किराणा दुकानदारही हेच करतो. चार दिवसांनी सुट्या मिठाचे खडे होतात, गुळाच्या ढेपेखालचा कागद ओला होतो आणि दोष पावसाला दिला जातो. प्रत्यक्षात ते पाणी बऱ्याचदा उन्हाच्या दिवशीच आत आलेलं असतं.

हवा जितकी गरम, तितकं जास्त बाष्प तिच्यात मावतं, हे शाळेत सगळेच शिकतात. आता आकडे घालून बघू. एक घनमीटर हवेत 26 अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त सुमारे 24.4 ग्रॅम बाष्प मावतं आणि 31 अंशाला सुमारे 32 ग्रॅम. समजा, उघडीप आहे. बाहेर 31 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता आहे, म्हणजे हवेत जास्तीत जास्त मावेल त्याच्या 65 टक्के बाष्प आहे. अंगाला ही हवा कोरडी वाटते. गोदामात 26 अंश आणि 85 टक्के आहे. तिथे कुबट वास येतो, हात चिकट होतात. बाहेरच्या घनमीटरभर हवेत पाणी किती? 32 चे 65 टक्के, म्हणजे 20.8 ग्रॅम. आतल्या हवेत? 24.4 चे 85 टक्के, म्हणजे 20.7 ग्रॅम. दोन्हीकडे पाणी जवळपास सारखंच! बाहेरची हवा आत येऊन 26 अंशापर्यंत थंड झाली की तिचीही आर्द्रता 85 टक्क्यांवर पोचते. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून गोदाम एक टक्काही सुकत नाही. जमीन आणि भिंती 26 पेक्षा थंड असतील तर उलट ओल वाढते.

म्हणून मालाच्या बाबतीत नुसत्या या टक्क्यांवर, म्हणजे सापेक्ष आर्द्रतेवर, भरवसा ठेवू नये, दवबिंदू बघावा. हवा ज्या तापमानापर्यंत थंड केली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊन बसायला लागतं, ते तापमान म्हणजे दवबिंदू. आर्द्रता 50 टक्क्यांच्या वर असेल तर तो तोंडी काढता येतो: शंभरातून आर्द्रता वजा करा, उत्तराला 5 ने भागा आणि ते तापमानातून वजा करा. उघडीपीच्या त्या दिवशी 35 भागिले 5 म्हणजे 7, आणि 31 वजा 7 म्हणजे 24. गोदामात 15 भागिले 5 म्हणजे 3, म्हणून 23. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा जास्त असेल तर दार बंद ठेवायचं, कमी असेल तरच उघडायचं. आतबाहेर लावायला दोन साधे डिजिटल आर्द्रतामापक पुरतात. पाऊस सरल्यावर थंडीच्या दिवसांत बाहेरचा दवबिंदू बराच खाली येतो. गोदामाला खरी हवा तेव्हा द्यावी.

जमीन किंवा माल दवबिंदूपेक्षा थंड असेल तर त्यावर पाणी बसतं. त्यांचं तापमान घ्यायला इन्फ्रारेड, म्हणजे न टेकवता लांबून मोजणारा, थर्मामीटर चांगला. मात्र कपाळावर धरायची ताप मोजण्याची बंदूक इथे चालत नाही, ती शरीराच्या तापमानाच्या अरुंद पट्ट्यासाठीच बनवलेली असते. चकचकीत पत्र्याच्या डब्यावरही आकडा चुकतो, कारण पत्रा स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. डब्यावरच्या कागदी लेबलावर नेम धरावा, नाहीतर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर.

एसी असलेल्या दुकानात हे आणखी ठळक होतं. आत 24 अंश आहे. बाहेर पाऊस थांबलेला, 28 अंश आणि 90 टक्के. दवबिंदू 26. म्हणजे दुकानातली प्रत्येक वस्तू बाहेरच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड आहे. टेम्पो लागला, मागचं दार अर्धा तास उघडं राहिलं, की आत शिरलेली ही हवा 24 अंशाच्या मालाला टेकते आणि घनमीटरमागे अडीच ग्रॅमच्या आसपास पाणी तिथेच सोडते. दाराजवळच्या रॅकवरचे डबे ओले होतात, कडांना गंज धरतो, लेबलं सुटतात. आधी माल उतरवून पडवीत घ्यावा, मग दार उघडून एका दमात आत न्यावा. थंड गाडीतून आलेल्या चीजच्या किंवा चॉकलेटच्या खोक्यावरचं प्लास्टिक लगेच फाडू नये. पाणी बसायचं तर प्लास्टिकच्या बाहेर बसू दे, आतला माल दुकानाच्या तापमानाला आला की ते पुसून मग काढावं.

आता मीठ. शुद्ध मिठाचा उंबरठा 75 टक्के आर्द्रतेचा आहे. हवा त्याच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं बाष्प ओढतो आणि त्यात स्वतःच विरघळायला लागतो. आर्द्रता 75 च्या खाली आली की पाणी उडून जातं, पण विरघळलेलं मीठ दोन कणांच्या सांध्यात स्फटिक होऊन बसतं आणि कण एकमेकांना जखडतात. गठ्ठा होतो तो या चढउतारामुळे. दिवसा एसी चालू, रात्री बंद, अशा दुकानात हा फेरा रोज होतो, त्यामुळे सुटं मीठ कधीकधी कायम दमट गोदामातल्यापेक्षा अधिक घट्ट होतं. जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड शिल्लक असतं आणि त्याचा उंबरठा फक्त 33 टक्के आहे. कोकणात वर्षातला कुठलाच महिना त्याला पुरेसा कोरडा नाही.

साखरेचा उंबरठा सुमारे 85 टक्के. गूळ मात्र साखरेसोबत ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचंही मिश्रण आहे आणि मिश्रणाचा उंबरठा त्यातल्या प्रत्येक घटकाच्या उंबरठ्यापेक्षा खाली असतो. फ्रुक्टोजचा एकट्याचाच 62 च्या आसपास आहे. म्हणून घाटावरून, कोल्हापूरकडून टणक आलेली ढेप खाली येऊन आठवड्यात पाझरते. गणपतीसाठी गूळ भरायचा तर ढेपा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळूनच घ्याव्यात, गोणपाटात नाही, आणि फळीवर दोन-तीन दिवस पुरेल इतक्याच काढाव्यात.

इथे सिलिका जेलच्या पुड्यांबद्दल बोललं पाहिजे, कारण ‘गोदाम कोरडं ठेवणारी पाकिटं’ म्हणून त्या विकल्या जातात. गोदाम 100 घनमीटरचं धरा. 27 अंशाला आर्द्रता 90 वरून 60 टक्क्यांवर आणायची तर हवेतून सुमारे पाऊण किलो पाणी काढावं लागतं. सिलिका जेल त्या आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या जेमतेम तीस टक्के पाणी धरतं, म्हणजे अडीच किलो जेल एका झटक्यात संपलं. आणि फटींतून, दारातून हवा तासातासाला बदलत असते. पुडी बंद बरणीत उत्तम काम करते, खोलीत तिचा उपयोग शून्य. दाराला लिंबू-मिरची बांधूनही हवेतलं बाष्प हलत नाही. खोलीसाठी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र हवं, आणि तेही दारं बंद ठेवूनच.

खोक्यांची गोष्ट थोडक्यात. पुठ्ठा 90 टक्के आर्द्रतेत आपली उभी ताकद जवळपास निम्मी गमावतो. उन्हाळ्यात आठ थर उभे राहणारी थप्पी पावसात चार-पाच थरांवर थांबवावी. भार खोक्याचे चार कोपरे पेलतात, म्हणून कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ थप्पी लावावी. विटांसारखी सांधे चुकवून लावली तर थप्पी घट्ट दिसते, पण वरचा कोपरा खालच्या खोक्याच्या मऊ मध्यावर येतो. जांभ्याच्या भिंतीपासून निदान फूटभर अंतर आणि खाली पॅलेट हवंच, कारण जांभा सच्छिद्र असतो, ओल धरतो आणि वर चढवतो.

तांदळात सोंडे आपोआप होत नाहीत. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून चिकट स्रावाने बुजवते. कोकणच्या उष्ण, दमट हवेत साधारण महिन्याभरात आतूनच किडा बाहेर पडतो. फळीवर दिसलेला सोंडा महिन्यापूर्वी कुठल्यातरी दाण्यात होता, म्हणून फक्त ती पिशवी काढून भागत नाही. शेजारच्या पिशव्या आणि फळीच्या खाचांत सांडलेले दाणेही साफ करावे लागतात.

फळी भरताना जुना माल पुढे, नवा मागे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण आधी आलेला माल आधी संपेलच असं नाही. डिस्ट्रिब्यूटर नंतरच्या खेपेत आधीची बॅच पाठवतो, म्हणून प्रत्येक खोक्याची एक्सपायरी वाचून लावावं लागतं. संगणक यात मदत करत नाही. पाकिटावरच्या नेहमीच्या 13 आकडी बारकोडमध्ये कंपनी आणि वस्तू कळते, बॅच किंवा तारीख नाही. सुट्या मालाला तर तारखेचा आधारच नाही: पाकीट फोडून डब्यात ओतलं की छापलेल्या एक्सपायरीचा संबंध संपतो, कारण ती बंद पाकिटासाठी काढलेली असते.

सुट्या मालाची मोजदाद करणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडायला हवा. 50 किलोच्या पोत्यात 12 टक्के ओलाव्याचा तांदूळ असेल तर त्यातला कोरडा भाग 44 किलो. पावसाळ्यात ओलावा 14 टक्क्यांवर गेला की तेच 44 किलो एकूण वजनाच्या 86 टक्के होतात आणि पोतं 51.2 किलो भरतं. एक दाणाही वाढलेला नाही. वीस पोत्यांत सुमारे 23 किलो जास्त दिसतात आणि तेवढीच तूट त्याखाली झाकली जाते. दिवाळीनंतर ओलावा उतरला की वजन परत खाली येतं, आणि मोजणीत ‘कमी’ निघालेल्या मालासाठी गोदामातल्या पोराला जाब विचारला जातो. तांदूळ, सुका जवळा, काजू, आमसूल यांची मोजणी दर वर्षी एकाच ऋतूत घ्यावी. ते जमत नसेल तर धान्याचा ओलावा यंत्राने मोजून तो आकडा वजनाशेजारी लिहावा आणि तूट कोरड्या वजनावर काढावी.