दुर्बल प्रतिकारशक्तीच्या रुग्णांतील गुदभ्रंशाची शस्त्रक्रिया

मलाशयाची संपूर्ण भिंत गुदद्वारातून बाहेर घसरणे म्हणजे गुदभ्रंश होय. बाहेर आलेल्या भागावर वर्तुळाकार वळ्या दिसतात, त्यावरून तो मूळव्याधीपासून वेगळा ओळखता येतो. प्रौढांमध्ये शस्त्रक्रिया हाच यावरचा खात्रीचा उपाय आहे. मात्र अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, दीर्घकाळचे स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा अनियंत्रित एचआयव्ही संसर्ग यांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्यांच्या बाबतीत किरकोळ जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो.

गुदभ्रंश बहुधा तातडीचा नसतो आणि मिळालेला वेळ तयारीसाठी वापरणेच शहाणपणाचे ठरते. रक्तातील न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या) पेशी प्रति घनमिलिमीटर ५०० च्या खाली गेल्या असतील, तर त्या सावरेपर्यंत थांबतात आणि तोवर एनिमाही टाळतात. सिरोलिमस हे प्रत्यारोपित अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिले जाणारे औषध जखम भरण्यात अडथळा आणते, म्हणून नियोजित शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी सहसा त्याऐवजी टॅक्रोलिमस हे त्याच कामाचे दुसरे औषध सुरू करतात. दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड मात्र एकाएकी थांबवता येत नाही, कारण शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलनिर्मिती (नैसर्गिक स्टेरॉइड संप्रेरकाची निर्मिती) मंदावलेली असते. औषधांनी एचआयव्ही आटोक्यात असेल, तर केवळ त्या निदानामुळे शस्त्रक्रिया नाकारणे समर्थनीय नाही.

पोटातून केलेल्या रेक्टोपेक्सीत मलाशय वर ओढून त्रिकास्थीला (पाठीच्या कण्याच्या तळाच्या हाडाला) बांधतात. यात विकार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सामान्यतः कमी असते, परंतु कृत्रिम जाळी वापरल्यास तिला संसर्ग होण्याची भीती राहते, म्हणून अशा रुग्णांत नुसत्या टाक्यांची रेक्टोपेक्सी अधिक सुरक्षित वाटते. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले असल्यास नवे मूत्रपिंड व त्याची मूत्रवाहिनी ओटीपोटातच असते, त्यामुळे तिथली प्रत्येक काप जपून घ्यावी लागते. गुदद्वाराच्या बाजूने केलेली, १९०० साली मांडलेली डेलॉर्म पद्धती कमरेखालची भूल देऊनही करता येते. तीत मलाशयाचे केवळ श्लेष्मल (आतले ओलसर) आवरण काढून स्नायूंना चुण्या घालतात. त्याच बाजूने केलेल्या अल्टेमायर पद्धतीत आतड्याचा भाग कापून टोके जोडावी लागतात आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत तो जोड गळण्याचा धोका असतो.

बाहेर अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत असेल, तर त्यावर साखर पसरून सूज उतरवता येते. ते काळे पडले असल्यास मात्र तो भाग तातडीने कापावा लागतो आणि जोड धोक्याचा वाटल्यास स्टोमा (पोटावर मल बाहेर पडण्यासाठी आतड्याचे तोंड) करतात. शस्त्रक्रियेनंतर ताप किंवा पोटाचा ताठरपणा स्टेरॉइडमुळे झाकला जाऊ शकतो, त्यामुळे नाडीचा वाढलेला वेग किंवा वाढती अस्वस्थता एवढ्यावरूनही सीटी स्कॅन लवकर करून घेणे योग्य ठरते.