जन्माचा दाखला तिथला, नागरिकत्वाची नोंद आपली

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात गल्लीतले नाना एक पारदर्शक फोल्डर छातीशी धरून आले. नातू मस्कतला झालेला, तीन महिन्यांचा. लेकानं कुणाच्या तरी हाती त्याचा जन्मदाखला धाडला होता आणि नानांनी त्याच संध्याकाळी तो लॅमिनेट करून घेतला होता, कडा गोल कापून, शाळेच्या ओळखपत्रासारखा. म्हणाले, "याचं गुजराती करून द्या. महापालिकेत नोंदवून टाकतो, म्हणजे पोरगं भारताचं झालं."

"नाना, भारताचं होईल, पण इथून नाही. तिथूनच."

मी काम टाळतोय असं नानांना वाटलं.

चूक एकट्या नानांची नाही. घोळ शब्दातच आहे. मराठीत 'जन्माची नोंद', इथे ऑफिसात 'जन्मनी नोंधणी', इंग्रजी अर्जावरही 'रजिस्ट्रेशन ऑफ बर्थ'. दोन निराळ्या कामांना तिन्ही भाषांत एकच नाव. एक नोंद मूल जिथे जन्मलं त्या देशाची: अमक्या दिवशी, अमक्या गावी, अमक्या बाईला मूल झालं. ती फक्त साक्ष. दुसरी नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत होते, नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४(१) खाली. आई किंवा बाप भारतीय नागरिक आहे, म्हणून हे मूलही भारताचं, असं ती सांगते. पहिली नसेल तर दुसरी होत नाही, कारण वकिलात आधी तिथलाच दाखला मागते. पण पहिली झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही, आणि लोक अडकतात ते इथेच.

बडोदेकराला हे समजवायला मी सयाजीरावांना मध्ये घेतो. महाराज जन्मले नाशिककडच्या कवळाण्यात, १८६३ साली. बडोद्याच्या गादीवर आले ते १८७५ मध्ये दत्तक होऊन. जन्म कुठला आणि वारसा कुठला, हे दोन प्रश्न, उत्तरंही दोन. आणि दत्तकविधान झालं नसतं तर नुसतं गायकवाड असून भागलं नसतं. नानांना हे एका दमात पटलं. कलम ४ पटायला दोन चहा लागले.

कलमातली खरी मेख तारखांत आहे, आणि जुन्या लोकांचा सल्ला चुकतो तोही तिथेच. २६ जानेवारी १९५० पासून ९ डिसेंबर १९९२ पर्यंत परदेशात जन्मलेल्याचा बाप भारतीय असला तरच नागरिकत्व यायचं, आईचं जमेस धरत नव्हते. १० डिसेंबर १९९२ पासून दोघांपैकी कुणीही भारतीय असलं तरी चालू लागलं. बाप स्वतः भारतात जन्मलेला असेल तर या काळात वकिलातीत जन्म नोंदवणं ही नागरिकत्वाची अट नव्हती. म्हणून १९८५ साली कुवेतला जन्मलेल्या मुलाचे काका आज ठामपणे सांगतात, "आम्ही तर काहीच केलं नव्हतं, पासपोर्ट मिळालाच की!" काका खोटं बोलत नाहीत. पण ३ डिसेंबर २००४ पासून नियम फिरला. तेव्हापासून परदेशात जन्मलेलं मूल, जन्मापासून एका वर्षाच्या आत वकिलातीत नोंद झाली तरच वंशानं भारतीय. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते: उशीर का झाला ते लेखी द्यायचं आणि वाट बघायची. वर्ष मोजायचं जन्मतारखेपासून, दाखला हातात पडल्याच्या तारखेपासून नव्हे.

आखातातली मंडळी हे वर्ष सहसा चुकवत नाहीत. त्यात शहाणपण कमी, गरज जास्त. तिकडे जन्मानं नागरिकत्व मिळत नाही, बाळाला राहायचा व्हिसा हवा, व्हिसाला पासपोर्ट हवा आणि पासपोर्टला वकिलातीतली नोंद. अमिरातीत तर व्हिसाच्या कामाला जन्मापासून १२० दिवसच मिळतात. नानांच्या लेकानं अर्ज कधीच भरला होता. बापाला सांगायचं राहिलं, एवढंच.

इंग्लंडबद्दल आपल्याकडे उलटा गैरसमज आहे. 'लंडनला झाला म्हणजे गोरा पासपोर्ट' असं दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत सगळे समजतात. १ जानेवारी १९८३ पासून तसं नाही. आईबापांपैकी एक जण ब्रिटिश किंवा तिथे कायम स्थायिक असेल, तरच बाळ जन्मतः ब्रिटिश. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या जोडप्याच्या बाळाला इंग्लंड दाखला देतं (तिथे ४२ दिवसांत नोंदवावं लागतं), नागरिकत्व देत नाही. शिवाय तिथला दाखला दोन प्रकारचा, छोटा आणि पूर्ण. छोट्यावर आईबापांची नावंच नसतात. वंशानं नागरिकत्व मागायचं आणि कागदावर वंशच नाही! पूर्ण दाखलाच घ्यावा.

आता अमेरिका. तिथल्या मातीवर जन्मलेलं मूल चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार अमेरिकी. तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांच्या मुलांना हे लागू नाही असं सांगणारा आदेश २०२५ च्या जानेवारीत निघाला आणि कोर्टात गेला. पण आजवर बडोद्याहून गेलेल्या बहुतेक घरांची रीत एकच: तिथला दाखला, मग तिथला निळा पासपोर्ट, मग ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड. आणि इथे आजोबा पार्कात सांगत फिरतात, "आमच्या नातीला दोन्हीकडचं नागरिकत्व आहे." नाही हो. ओसीआयच्या नावात 'सिटिझन' आहे, कामात नाही. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, चांगला भरभक्कम, पण व्हिसाच. मतदान नाही, आमदार-खासदार होता येत नाही, पादरा गावाकडची शेतजमीन नावावर विकत घेता येत नाही. नात परदेशी नागरिक आहे, म्हणूनच तिला ओसीआय मिळालं. भारतीय नागरिकाला ते मिळतच नाही.

मग अमेरिकेत जन्मलेलं मूल वकिलातीत नोंदवून भारतीय करता येतं का? कायद्यात वाट आहे, अरुंद. कलम ४(१) च्या अर्जात आईबापांना लिहून द्यावं लागतं की या मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. शब्द नीट वाचा: पासपोर्ट, नागरिकत्व नव्हे. म्हणजे परदेशाचं नागरिकत्व जन्मानं चिकटलेलं असलं तरी अल्पवयीन मूल भारतीय म्हणून नोंदवलं जाऊ शकतं. फक्त अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. आईबाप आधी निळा पासपोर्ट काढून बसतात आणि मग विचारतात, "आता भारतीयही करून टाकूया ना?" तो दरवाजा त्यांनी स्वतःच ओढून घेतलेला असतो. माझं मत विचाराल तर, इस्पितळातून घरी येण्याआधी ठरवावं. नंतर बारसं, पाचवी, आजीचं तिकीट या धांदलीत जो फॉर्म आधी सापडतो तोच भरला जातो.

अर्ज गृहमंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरतात, आणि छापून, सह्या करून, कागद जोडून वकिलातीत देतात. तिथला जन्मदाखला, आईबापांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि ते पासपोर्टबाबतचं लिहून देणं. यादी छोटी, डोकेदुखी नावांची. आमच्या शहरात गायकवाड इंग्रजीत लिहायची राजवाड्याची रीत 'ए-ई', महाराष्ट्रातल्या पासपोर्टवर बहुतेक 'ए-आय'. नवरा बडोद्याचा, बायको साताऱ्याची, आणि इस्पितळातल्या बाईनं कानाला आलं तसं टाइप केलेलं. तीन कागद, तीन स्पेलिंगं. त्यात आपलं मधलं नाव: बापाचं नाव मधे घालायची आपली पद्धत आखातातल्या क्लार्कला ठाऊक नसते, तो बापाच्या नावालाच आडनाव करून टाकतो. आईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि दाखल्यावर सासरचं, हे तर रोजचंच. प्रसूतीच्या आधीच दोन्ही पासपोर्ट समोर ठेवून नावं मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून इस्पितळात द्यावीत. जन्मदाखल्यातली दुरुस्ती परदेशात बसून करणं म्हणजे चुलीवर दूध ठेवून बाजारात जाणं.

आणि नानांची महापालिका? ती वाटही कायद्यात आहे, पण दुसऱ्या कायद्यात आणि दुसऱ्या कामासाठी. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चं कलम २० असं म्हणतं की परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वकिलातीत झालेली नसेल, आणि आईबाप इथे स्थायिक व्हायला परत आले असतील, तर मूल भारतात आल्यापासून साठ दिवसांत इथल्या निबंधकाकडे जन्म नोंदवता येतो. साठ दिवस हुकले तर उशिराच्या नोंदणीचे नियम लागतात. दोन गोष्टी इथे निसटतात. एक, आईबाप परत यायला हवेत, आजोबा दाखला घेऊन रांगेत उभे राहून चालत नाही. दुसरी, या नोंदीनं जन्माचा भारतीय कागद मिळतो, नागरिकत्व मिळत नाही. ह्यूस्टनला जन्मलेलं मूल वडोदऱ्याच्या रजिस्टरात चढलं तरी निळ्या पासपोर्टासकट अमेरिकीच राहतं. शाळेत प्रवेशाच्या वेळी हा कागद दाखवून भारतीय असल्याची खूण करणारे पालक मी पाहिले आहेत. पुढे मुलाचा पासपोर्ट काढायला गेल्यावर त्यांचा घसा कोरडा पडतो.

वकिलातीत नोंद झाली असेल तर महापालिकेत जायचं कारणच नाही. त्याच कलम २० प्रमाणे, वकिलातीतली नोंद १९६९ च्या कायद्याखाली झालेलीच मानतात. नानांना हे सांगितल्यावर त्यांनी फोल्डर टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसले.

राहिलं लॅमिनेशन. परदेशी कागद भारतात चालवायचा तर पुष्कळदा त्यावर अपॉस्टिल लागतं, म्हणजे हेग कराराखालचं प्रमाणपत्र. भारत या करारात २००५ पासून आहे. ते मूळ कागदावर किंवा त्याला जोडून देतात, प्लास्टिकवर नाही. नानांनी विचारलं, इस्त्री फिरवून निघेल का? मी नको म्हणालो. शाई प्लास्टिकला चिकटून येते, एका सात-बाराची तशी वाट लागलेली मी पाहिली आहे. लेकाला तिथूनच दुसरी प्रत काढायला सांगितली.

चार महिन्यांनी नाना मोबाइल नाचवत दुकानात आले. नातवाच्या पासपोर्टाच्या पानाचा फोटो होता. बोटांनी मोठा करून त्यांनी मला एक ओळ दाखवली, राष्ट्रीयता, भारतीय. मी खालची दाखवली, जन्मस्थान, मस्कत. मग नाना म्हणाले, "याची एक रंगीत झेरॉक्स काढा." आणि जरा थांबून, "लॅमिनेट ही केली तर चालेल ना?"