कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात तत्त्वज्ञान: पात्रता, कागदपत्रे, अर्ज आणि पुढची वाट

कॅलिफोर्नियाच्या रहिवासी विद्यार्थ्याला तिथल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात एका युनिटमागे, म्हणजे अभ्यासाच्या भाराच्या एका एककामागे, ४६ डॉलर नोंदणी शुल्क पडते. तत्त्वज्ञानाचा एक विषय बहुधा तीन युनिटांचा असतो. म्हणजे सॉक्रेटिसपासून कांटपर्यंतची ओळख करून देणारा सबंध सेमिस्टरचा वर्ग १३८ डॉलरांत होतो आणि असोसिएट या दोन वर्षांच्या पदवीला लागणारी ६० युनिटे २,७६० डॉलरांत पूर्ण होतात. पुस्तके, आरोग्य शुल्क आणि पार्किंग यांचा खर्च वेगळा धरावा. डी अँझासारख्या काही कॉलेजांत वर्ष सेमिस्टरऐवजी क्वार्टरमध्ये, म्हणजे तिमाहीत, विभागलेले असते. तिथे युनिटचा दर ३१ डॉलर असून पदवीला ९० युनिटे लागतात, त्यामुळे एकूण रक्कम जवळपास तेवढीच येते.

बे एरियात किंवा लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांतून या वाटेबद्दल विचारणा होते, तेव्हा बोलण्यात एक गैरसमज हमखास येतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्यांना चांगल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही त्यांची जागा, असे अनेक पालक मनाशी धरून बसतात. वस्तुस्थिती अशी आहे की राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत आणि चार वर्षांच्या पदवीची पहिली दोन वर्षे इथे करून उरलेली दोन वर्षे विद्यापीठात करणे, ही राज्याने कायद्याने आखून दिलेली वाट आहे. तत्त्वज्ञानासारख्या विषयासाठी तर ती विशेष सोयीची आहे, कारण इथल्या वर्गात विद्यार्थी तुलनेने थोडे असतात आणि शिकवणाऱ्याचे मुख्य काम शिकवणे हेच असते. मात्र या वाटेवर कोणत्या विद्यापीठात जायचे याचा विचार आधी आणि विषयांची नोंदणी नंतर, हा क्रम सांभाळावा लागतो. तो उलटा झाला की दोन वर्षांची तीन होतात.

पात्रता

हायस्कूल पूर्ण केलेल्या किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या आणि शिक्षणाचा लाभ घेऊ शकणाऱ्या कोणालाही प्रवेश खुला आहे. प्रवेश परीक्षा नाही, गुणांची अट नाही, निबंध लिहून पाठवावा लागत नाही. पूर्वी इंग्रजी आणि गणिताचा वर्ग ठरवण्यासाठी स्तरनिश्चितीची चाचणी घेत असत. २०१७ साली मंजूर झालेल्या एबी ७०५ या कायद्यानंतर ती जागा हायस्कूलच्या गुणांनी घेतली. हायस्कूलमध्ये शिकत असलेल्या मुलांनाही मुख्याध्यापक आणि पालक यांच्या लेखी संमतीने एखाददुसरा विषय घेता येतो. ज्या मुलाला तत्त्वज्ञानाची ओढ आहे असे वाटते, त्याने अकरावी-बारावीत असतानाच नीतिशास्त्राचा एक वर्ग करून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. मिळालेला ग्रेड कायम नोंदीत राहतो, त्यामुळे तो वर्ग हलक्यात मात्र घेऊ नये.

रहिवास: सर्वांत काळजीने भरायचे पान

प्रवेश कोणालाही मिळतो, पण शुल्क किती पडेल हे रहिवासावर ठरते. सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य झालेले असावे आणि इथेच राहण्याचा हेतू कागदपत्रांवरून दिसावा, अशी अट आहे. अविवाहित आणि १८ वर्षांखालील विद्यार्थ्याचा रहिवास पालकांवरून ठरतो. ही अट पूर्ण न करणाऱ्यास अनिवासी शुल्क लागते. ते प्रत्येक कॉलेज जिल्हा स्वतः ठरवतो आणि ते रहिवाशांच्या शुल्काच्या कितीतरी पट असते.

ऑनलाइन अर्जातील याच पानावर चुका सर्वाधिक होतात. सध्याच्या वास्तव्याची सुरुवात कधी झाली हा प्रश्न सोपा दिसतो, पण वर्षभरापूर्वी दुसऱ्या राज्यातून आलेले कुटुंब तिथे अंदाजाने महिना टाकते, आणि तो एक महिना चुकला तरी संगणक विद्यार्थ्याला अनिवासी ठरवतो. अशा वेळी घाबरून जाऊ नये आणि फी भरण्याची घाईही करू नये. प्रवेश कार्यालयात रहिवास पडताळणीचा अर्ज देऊन राज्याचे आयकर विवरण, घरभाड्याचा करार, ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी किंवा विजेची बिले दाखवली की दुरुस्ती होते. कागदांवरच्या तारखा मात्र वर्षभर मागच्या असायला हव्यात.

व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वर राहणाऱ्यांना कॅलिफोर्नियाचा रहिवास सिद्ध करता येतो, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला येत नाही. एच-४ वरील मूल २१ वर्षांचे झाले की तो दर्जा संपतो, आणि शिक्षण चालू ठेवण्यासाठी बहुतेकांना एफ-१ घ्यावा लागतो. म्हणजे ज्या घरात मूल वाढले त्याच घरात राहून, त्याच कॉलेजात, त्याच वर्गाला पुढच्या सत्रापासून अनिवासी शुल्क लागू शकते. हे मनाला लागणारे आहे, पण नियम तसा आहे. हायस्कूलनंतर लगेच सुरुवात करून ६० युनिटे २१ व्या वाढदिवसाआधी पूर्ण होतील अशी आखणी केली, तर निदान कम्युनिटी कॉलेजचा टप्पा या अडचणीतून सुटतो. विद्यापीठाच्या टप्प्यावर हाच प्रश्न पुन्हा येणार आहे, म्हणून इमिग्रेशन वकिलाचा सल्ला वेळेत घ्यावा.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज सीसीसी अप्लाय या संकेतस्थळावर विनामूल्य भरता येतो. आधी खाते उघडावे लागते, त्यातून कायमचा ओळख क्रमांक मिळतो, आणि अर्ज मंजूर झाल्यावर कॉलेजचा स्वतंत्र विद्यार्थी क्रमांक ईमेलने येतो. हायस्कूलचे ट्रान्सक्रिप्ट (गुणांची अधिकृत नोंद), आधी कुठल्या कॉलेजात शिकले असल्यास तेथील ट्रान्सक्रिप्ट, ओळखपत्र आणि व्हिसा किंवा ग्रीन कार्ड हाताशी ठेवावे. भारतातून एखाद-दोन वर्षे पदवीचे शिक्षण घेऊन आलेल्यांनी गुणपत्रिकांचे मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावे. विद्यापीठात जाण्यासाठी लागणाऱ्या सामान्य शिक्षणाच्या (मुख्य विषयाबाहेरच्या सक्तीच्या विषयांच्या) आराखड्यात परदेशी विषय सहसा धरले जात नाहीत, हे मात्र आधीच लक्षात घेतलेले बरे.

यानंतर ओरिएंटेशन पूर्ण करणे आणि काउन्सेलरबरोबर बसून शैक्षणिक आराखडा तयार करणे ही दोन कामे राहतात. ती टाळण्याकडे मुलांचा कल असतो. पण ती पूर्ण केलेल्यांना विषयनोंदणीत आधीची वेळ मिळते, आणि प्रतीकात्मक तर्कशास्त्रासारखा (विधाने चिन्हांत मांडून तपासण्याचा) वर्ग एखाद्या कॉलेजात सत्रातून एकदाच असतो, तेव्हा ती आधीची वेळच कामी येते.

आर्थिक साहाय्यासाठी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक फॅफ्सा हा संघीय अर्ज भरू शकतात. एच-४ आणि एफ-१ वरील विद्यार्थी संघीय साहाय्याला पात्र नाहीत. कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट मिळाल्यास नोंदणी शुल्क माफ होते. मात्र सरासरी ग्रेड सलग दोन सत्रे २.० च्या खाली गेला, तर ही माफी काढून घेतली जाते.

महाराष्ट्रातून थेट येणाऱ्यांची प्रक्रिया निराळी आहे. त्यांनी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडे बारावीची गुणपत्रिका, इंग्रजीच्या प्रावीण्याचा पुरावा, पासपोर्टची प्रत आणि वर्षभराच्या खर्चाची तरतूद दाखवणारी बँकेची कागदपत्रे द्यायची असतात. प्रवेश मिळाल्यावर आय-२० हा व्हिसासाठी लागणारा दस्तऐवज येतो, मग ३५० डॉलरांचे सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) शुल्क भरून व्हिसाची मुलाखत द्यावी लागते. प्रत्येक सत्रात किमान १२ युनिटे घेणे बंधनकारक आहे आणि त्यांपैकी पूर्णपणे ऑनलाइन असा एकच विषय मोजला जातो. तत्त्वज्ञान हा स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांत मोडत नसल्यामुळे शिक्षणानंतरची कामाची परवानगी १२ महिन्यांचीच असते, ती २४ महिन्यांनी वाढत नाही. कर्ज काढून येणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब आधी मांडावा.

नेमके काय शिकायचे

२०१० साली राज्याने विद्यापीठात जाण्यासाठीच्या विशेष असोसिएट पदवीचा कायदा केला. ती पदवी तत्त्वज्ञानात घेतली तर मुख्य विषयाची किमान १८ युनिटे, सामान्य शिक्षणाचा आराखडा आणि एकूण ६० युनिटे पूर्ण करावी लागतात. मुख्य विषयांचा गाभा तर्कशास्त्र हा आहे. त्याच्या जोडीला तत्त्वज्ञानाची ओळख किंवा नीतिशास्त्र येते, आणि पुढे प्राचीन व आधुनिक तत्त्वज्ञानाचा इतिहास. प्रत्येक मुख्य विषयात किमान सी ग्रेड लागतो. ही पदवी प्रत्येक कॉलेजात नाही, म्हणून आपल्या कॉलेजच्या वार्षिक कॅटलॉगमध्ये ती पाहून घ्यावी.

तर्कशास्त्राच्या वर्गात काय होते, हे एका उदाहरणावरून सांगता येईल. जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, हे आपल्याकडच्या न्यायदर्शनातले प्रसिद्ध अनुमान आहे. आता कोणी म्हणाले की धूर असेल तर अग्नी असतो, इथे अग्नी आहे, म्हणून इथे धूर असलाच पाहिजे, तर ऐकायला ते बरोबर वाटते. वर्गात याचे चार ओळींचे सत्यता कोष्टक, म्हणजे सत्य-असत्याच्या सर्व जोड्यांचा तक्ता, मांडतात. तिसऱ्या ओळीत धूर असत्य आणि अग्नी सत्य असे येते, तिथे दोन्ही आधारविधाने सत्य ठरतात आणि निष्कर्ष असत्य. युक्तिवाद तिथेच अवैध ठरतो. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हेच तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण देऊन दाखवले होते: अग्नी आहे, धूर नाही. महाराष्ट्र बोर्डात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र घेतलेल्या मुलांना हा वर्ग ओळखीचा वाटतो, आणि आपल्याकडचे शिक्षण इथे उपयोगी पडले याचा त्यांना झालेला आनंद पाहण्यासारखा असतो.

तर्कशास्त्राचे दोन वर्ग असतात, एक सर्वसाधारण आणि दुसरा प्रतीकात्मक. पदवीसाठी कोणताही चालतो, पण युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कलीसारख्या कॅम्पसवर तत्त्वज्ञान विभाग प्रतीकात्मक तर्कशास्त्र अपेक्षितो. कोणता विषय कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जातो, हे असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. पहिल्या सत्राची नोंदणी करण्याआधी तिथे अर्धा तास घालवावा.

ही विशेष पदवी असलेल्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत जागेची हमी मिळते, अमुकच कॅम्पसची नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पूर्ण करणाऱ्यांना प्रवेशाची हमी देतात. त्यासाठी एकाच कॅम्पसची निवड करून सप्टेंबरमध्ये वेगळा अर्ज करावा लागतो, आणि नेहमीचा प्रवेश अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरावाच लागतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो इथे अशी हमी नाही.

पुढे काय

असोसिएट पदवीवर तत्त्वज्ञानाची म्हणून नोकरी मिळत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तिचे मोल पुढच्या पदवीत आहे. अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदवीनंतर असते आणि त्यासाठी पदवीचा विषय ठरलेला नाही. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅट या कायद्याच्या प्रवेश परीक्षेत तार्किक युक्तिवादाचे दोन आणि वाचनाकलनाचा एक असे गुण धरले जाणारे विभाग आहेत, आणि वर सांगितलेल्या धूर-अग्नीसारखे युक्तिवाद तपासणे हेच त्या दोन विभागांचे काम आहे. ज्यांना संगणकशास्त्राची जोड द्यायची आहे त्यांना प्रतीकात्मक तर्कशास्त्र थेट उपयोगी पडते. वैद्यकीय नीतिशास्त्र आणि सार्वजनिक धोरण या वाटाही आहेत, पण तिथे आणखी एक पदवी लागते.

काहींना शिकवायचेच असते. राज्यातील कम्युनिटी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवण्यासाठी त्या विषयातील मास्टर्स पदवी ही किमान पात्रता आहे, पीएचडी सक्तीची नाही. मात्र यांतली बरीच कामे अर्धवेळ असतात आणि मानधन वर्गागणिक मिळते, त्यामुळे अनेक शिक्षक एका आठवड्यात दोन-तीन कॉलेजांमध्ये गाडी चालवत फिरतात. पूर्णवेळ जागेची जाहिरात निघेपर्यंत अशी काही वर्षे काढावी लागतील, हे धरूनच मास्टर्सचा अर्ज करावा.