किलोनोव्हा: विझत जाणाऱ्या दोन उजेडांची पार्श्वभूमी

१७ ऑगस्ट २०१७, भारतीय वेळेनुसार संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटे. पोळा चार दिवसांवर आला होता आणि नाशिकमध्ये सूर्य अजून मावळायचा होता. त्या वेळी अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाच्या दोन्ही वेधयंत्रांत दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या मोठ्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) विलीनीकरणाची लहर उमटली. पाठोपाठ १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा छोटा स्फोट टिपला. हे घडले ती दीर्घिका, एनजीसी ४९९३, वासुकी तारकासमूहात आहे: हस्ताच्या चौकोनाच्या पूर्वेला, चित्रेच्या बारा-तेरा अंश दक्षिणेला, गॅमा हायड्री ताऱ्यापासून दोन अंशांवर. त्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास नाशिकहून ती नैऋत्येला क्षितिजापासून २० अंश वर होती आणि साडेनऊच्या आत मावळली.

पण कुठे बघायचे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. लायगोच्या दोनपैकी लिव्हिंग्स्टनच्या वेधयंत्राच्या नोंदीत विलीनीकरणाच्या सेकंदभर आधी गोंगाटाचा एक ठसका आला होता, त्यामुळे तिथला संकेत यंत्रणेने आपोआप धरला नाही. तो ठसका माणसांनी बसून काढला, मग व्हर्गो या इटलीतल्या तशाच वेधयंत्राची नोंद जोडली. व्हर्गोला संकेत जवळपास दिसलाच नव्हता, म्हणजे घटना त्याच्या आंधळ्या पट्ट्यात होती. या न दिसण्यानेच शोधाचे क्षेत्र सुमारे ३० चौरस अंशांवर आले. हा नकाशा निघाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा होत आले होते आणि दीर्घिका मावळून दोन तास उलटले होते. पहिले यश चिलीला मिळाले. लास कॅम्पानासच्या १ मीटरच्या स्वोप दुर्बिणीने संकेतावरून निघालेल्या अंतरावरच्या दीर्घिका यादीनुसार एकेक तपासल्या आणि विलीनीकरणानंतर १०.९ तासांनी नवा ठिपका, म्हणजेच किलोनोव्हा, पकडला.

असा ठिपका दिसावा, ही अपेक्षा मात्र जुनी होती. १९७४ साली हल्स आणि टेलर यांना एकमेकांभोवती फिरणारी न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी सापडली. त्याच वर्षी लॅटिमर आणि श्राम यांनी मांडले की कृष्णविवराने फाडलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याचे द्रव्य बाहेर फेकले गेले, तर त्यात जड मूलद्रव्ये तयार होतील. १९८९ मध्ये आइश्लर आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन ताऱ्यांचे विलीनीकरण, गॅमा स्फोट आणि जड मूलद्रव्ये ही तिन्ही सूत्रे एकत्र बांधली. या द्रव्यातल्या किरणोत्साराने ते काही काळ चमकेल, हे ली आणि पाचिन्स्की यांनी १९९८ मध्ये दाखवले. त्यांचा तेजाचा अंदाज फार वरचा होता. मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तो खाली आणला, साध्या नोव्हाच्या (अचानक उजळणाऱ्या ताऱ्याच्या) हजारपट, म्हणून नाव पडले किलोनोव्हा.

खरा कलाटणीचा मुद्दा २०१३ चा, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. आधीच्या गणितांत बाहेर पडलेले द्रव्य प्रकाश अडवण्याच्या बाबतीत लोखंडासारखे धरले होते. केसन आणि बार्न्स, तसेच तनाका आणि होतोकेझाका यांनी लँथनाइड गटातली जड मूलद्रव्ये हिशेबात घेतली. त्यांच्या अणूंच्या वर्णरेषा इतक्या दाट असतात की प्रकाश कितीतरी पट जास्त अडतो. मग उजेड बाहेर पडायला दिवसाऐवजी आठवडा लागतो आणि तो लालसर, बराचसा अवरक्त होतो. म्हणजे तोवरचे शोधक चुकीच्या रंगात, चुकीच्या दिवशी पाहत होते. त्याच वर्षी जूनमधल्या एका छोट्या गॅमा स्फोटानंतर नऊ दिवसांनी हबलला अवरक्तात एक मंद ठिपका दिसला आणि या गणिताला पहिला आधार मिळाला.

२०१७ मध्ये लवकरच्या निळ्या आणि उशिराच्या लाल उजेडाचे, दोन्ही अंदाज खरे ठरले. सुरुवातीला लँथनाइड कमी असलेले, प्रकाशाच्या तीन-दशांश वेगाने निघालेले द्रव्य निळे चमकले. अतिनील तेज दोन दिवसांत ओसरले. अवरक्तातला उजेड मात्र तीन-चार दिवसांनी शिखराला जाऊन पुढे दोन आठवडे रेंगाळला. विझण्याची चालही आधी सांगितल्यासारखीच निघाली. वेगवेगळ्या अर्धायुष्याची शेकडो समस्थानिके एकदम क्षय पावत असल्याने उष्णता एका घातांकाच्या नियमाने, साधारण काळाच्या उणे १.३ घाताने, उतरते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘दुर्बिणीला सोने दिसले’ असे तेव्हा सर्रास छापले गेले. आपल्या सराफ बाजारातल्या सोन्याचा काही वाटा अशाच विलीनीकरणांतून आला असणार, पण त्या वर्णपटात सोन्याची रेषा कोणी ओळखलेली नाही. २०१९ मध्ये ओळख पटली ती स्ट्रॉन्शियमची.

दुसरा उजेड वेगळाच. विलीनीकरणातून निघालेला झोत आसपासच्या विरळ वायूवर आदळला की क्ष-किरणांपासून रेडिओपर्यंत चमक उठते. तिचा किरणोत्साराशी संबंध नाही. झोत आपल्याकडे थेट रोखलेला नसल्याने ती उशिरा आली: क्ष-किरण नवव्या दिवशी, रेडिओ सोळाव्या दिवशी. पुढे दीर्घिका सूर्याजवळ गेली. दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणी डिसेंबरपर्यंत बंद पडल्या, क्ष-किरणांचेही तेच. रेडिओला ती अडचण नाही. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत. कमी वारंवारितेची त्यांची मोजमापे या काळातल्या आलेखात मोलाची ठरली. ही चमक पाचेक महिने वाढत राहिली आणि मगच उतरली. दोन उजेडांचे आलेख एकाच कागदावर मिसळले, तर दोन्हींचा अर्थ बिघडतो.

हौशी दुर्बिणीला यात जागा आहे का? पहिल्या दीड-दोन दिवसांत आहे. तेव्हा ठिपका १७ ते १८ प्रतीचा होता (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका ठिपका मंद). ८ इंची एफ/५ दुर्बीण, ३.८ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा, ६० सेकंदांच्या तीसेक चित्रांची बेरीज आणि अंधारे आकाश असेल, तर डोक्यावरच्या भागात ही प्रत आवाक्यात येते. क्षितिजापासून २० अंशांवर हवेचा थर जवळपास तिप्पट होतो आणि निळा प्रकाश आधी खाल्ला जातो. त्यात श्रावणात नैऋत्य मोकळी मिळणे कठीणच. नंतरचा लाल टप्पा सिलिकॉनच्या कॅमेऱ्याच्या मर्यादेपलीकडचा आहे, तिथे कितीही वेळ चित्र घेतले तरी हाती काही लागत नाही.

२०१७ चा ठिपका दीर्घिकेच्या केंद्रापासून अवघ्या १० विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) होता, वरच्या दुर्बीण-कॅमेऱ्याच्या मापाने १३-१४ पिक्सेल, तोही दीर्घिकेच्या स्वतःच्या उजेडात बुडालेला. तो नजरेने सापडत नाही. जुने चित्र नव्यातून वजा करावे लागते आणि चुका होतात त्या इथेच. दोन चित्रे अर्धा पिक्सेल जरी सरकली, तरी केंद्रावर काळा-पांढरा जोड-ठिपका उमटतो आणि तो नवा तारा वाटतो. केंद्राचे पिक्सेल प्रकाशाने भरून सांडले असतील तर वजाबाकीला अर्थच राहत नाही. जुने चित्र उथळ, म्हणजे कमी वेळ घेतलेले, असेल तर त्याचाच गोंगाट निकालात उतरतो. ठिपका लघुग्रह तर नाही ना, हे अर्ध्या तासाने दुसरे चित्र घेऊन पाहावे. सरकला तर सोडून द्यावा.

नव्या विलीनीकरणाची सूचना कधी येईल याचा नेम नसतो. २०१९ च्या एप्रिलमधल्या पुढच्या विलीनीकरणाचे क्षेत्र ८,००० चौरस अंशांहून मोठे होते आणि उजेड कोणालाच सापडला नाही. म्हणून जुनी चित्रे आधीच हाताशी हवीत. नाशिकचे आकाश नोव्हेंबर ते मे बहुतेक मोकळे असते. त्या महिन्यांत जवळच्या दीर्घिकांची यादी करून प्रत्येकीची चित्रे त्याच दुर्बिणीने, त्याच फिल्टरमधून, केंद्र न सांडता आणि नेहमीच्या दुप्पट वेळ देऊन घ्यावीत. एनजीसी ४९९३ साठी एप्रिल-मेमधल्या रात्री योग्य; तेव्हा ती मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर) ४६ अंशांपर्यंत चढते.