हनुवटी छातीला टेकली म्हणजे मेनिन्जायटिस नाही? असं काही नसतं

कित्येक वर्षं हेच चाललंय, ताप आला की हनुवटी छातीला टेकवून बघा, टेकली तर मेनिन्जायटिस, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला येणारी सूज, नाही, निवांत झोपा. अहो, निवांत कसले! मान आखडणं हे लक्षण खरंय पण दरवेळी दिसेलच असं नाही, तान्ह्या बाळात तर बऱ्याचदा नसतंच, तिथे बाळ दूध ओढत नाही, सारखं किरकिरतं नाहीतर उठवलं तरी गुंगीतच, कधी टाळू फुगलेली लागते. मोठ्यांना ताप, जबर डोकेदुखी, उलट्या, ट्यूबलाइटसुद्धा नको वाटते. व्हायरल असेल तर बहुतेक जण ७ ते १० दिवसांत बरे होतात, पण बॅक्टेरियाचा काही तासांत जीवावर बेतू शकतो आणि सुरुवातीला दोन्ही सेमच दिसतात, खात्रीने कळतं ते पाठीतून पाणी काढून तपासल्यावरच. म्हणून रात्रीचे २ वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा.