माका, जास्वंद आणि आवेल: केसगळतीच्या घरगुती तेलामागची गोष्ट

मालवण घ्या नाहीतर चिपळूण, हल्ली बाजारात घरगुती तेलाच्या बाटल्या सगळीकडे दिसतात आणि त्यावर 'नवीन केस उगवणार' असं बिनधास्त छापलेलं असतं. आपल्या आज्ज्या जे तेल काढायच्या त्यामागे एवढा मोठा दावा नव्हता, केस राखायचे, तुटू द्यायचे नाहीत, डोकं थंड ठेवायचं, बस्स.

ते तेल कसं व्हायचं ते बघा. ओला नारळ खवायचा, वाटून दूध पिळायचं आणि ते चुलीवर मंद आचेवर आटवत बसायचं, पाणी उडालं की तळाशी तांबूस साका राहतो आणि वर तेल सुटतं, हेच आवेल. त्यातच माक्याचा रस, जास्वंदीची फुलं, ब्राह्मी. माका पावसात शेताच्या बांधावर आपोआप येतो, बारीक पांढरं फूल, पाला चुरगळला की बोटं काळी पडतात. तेल झालं की नाही हे बघायला कापसाची वात त्यात बुडवून पेटवायची, तडतडली म्हणजे पाणी राहिलंय, आणि पाणी राहिलं की तेल खवट होणार.

हीच परीक्षा आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे, विस्तवावर टाकल्यावर आवाज न करणारं तेल सिद्ध झालं असं. शार्ङ्गधरसंहितेत मापही आहे, 1 भाग वाटलेलं औषध, 4 भाग तेल, 16 भाग द्रव. आणि हे ग्रंथ खोटी आशा लावत नाहीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. टक्कल पडणं म्हणजे खालित्य आणि चाई (डोक्यावर गोल चट्टे पडून केस जाणं) म्हणजे इंद्रलुप्त, दोन्हीचा वेगळा विचार केलाय, आणि आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी तर तिन्ही दोषांमुळे पडलेलं टक्कल असाध्य असं सरळ म्हटलंय.

मग या तेलाला एवढं नाव कशामुळे मिळालं? माझ्या मते तापामुळे आणि बाळंतपणामुळे. मलेरिया, टायफॉइड किंवा बाळंतपण झालं की साधारण 2-3 महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात, बाई घाबरते, सासू तेल सुरू करते, आणि पुढच्या काही महिन्यांत केस परत येतात. ते तसेही येणारच असतात, पण श्रेय तेलाला मिळतं! कोविडनंतरही हेच झालं, कित्येकींचे केस गळले आणि माक्याच्या तेलाला परत मागणी आली.

शिकेकाई-रिठ्याची जागा शाम्पूने घेतली, आणि 1980 च्या दशकात खोबरेल पत्र्याच्या डब्यातून प्लास्टिकच्या बाटलीत आलं तसं घरी तेल काढणं मागे पडत गेलं. तरी गणपती आटपून मुंबईला निघालेल्या चाकरमान्याच्या पिशवीत काळपट तेलाची एक बाटली असायचीच, घट्ट बूच लावून वर फडकं बांधलेली.

खोबरेलाचा एक फायदा मात्र प्रयोगात दिसलाय. 2003 साली मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑईल यांची तुलना केली, केसातलं प्रोटीन निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड केसाच्या आत शिरतं (कंपनी स्वतः खोबरेल विकते हेही लक्षात ठेवा). म्हणजे केस तुटणं कमी होतं, मुळापासून गळणं ही वेगळी गोष्ट. कांद्याच्या रसाचं तसंच, 2002 चा बगदादचा अभ्यास सगळे पुरावा म्हणून दाखवतात पण तो चाईवरचा होता, रोजच्या गळतीवरचा नाही.

दिवसाला 50 ते 100 केस जाणं नॉर्मलच आहे. त्याहून जास्त जात असतील तर तेल जरूर लावा, पण सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या, कारण रक्त कमी असेल तर ते डोक्यावर घासलेल्या माक्याने भरून येत नाही.