पडदा काळा पडला, तरी चित्र शाबूत असतं

‘पॅनेल गेलं, आता नवाच मॉनिटर घ्या.’ पणजी, म्हापसा, मडगाव, कुठेही विचारा, हा सल्ला लगेच मिळतो. पुष्कळदा तो चुकीचा असतो.

मॉनिटर सुरू होतो, दोनेक सेकंद चित्र दिसतं आणि पडदा काळा पडतो. बटणाजवळचा दिवा मात्र पेटलेलाच राहतो. अशा वेळी खोली अंधारी करून टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. अक्षरं अंधुक दिसली, तर पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, ठीक आहे; विझला आहे तो त्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट. काहीच दिसलं नाही, तर केबल काढून पुन्हा बसवा आणि मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडून पाहा. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेने पिनांवर थर चढतो; तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निघतो. ब्राइटनेस कमी केल्यावर पडदा टिकत असेल, तर दोष बॅकलाइटच्या किंवा त्याच्या वीजपुरवठ्याच्या बाजूला आहे असं धरून चला.

जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये उजेडासाठी बारीक फ्लुरोसंट नळ्या असतात. त्या पेटवायला हजार व्होल्टहून जास्त दाब लागतो. मॉनिटरच्या आतलं इन्व्हर्टर सर्किट तो तयार करतं आणि त्यासाठी एसएमपीएसकडून, म्हणजे मॉनिटरच्या वीजपुरवठ्याच्या सर्किटकडून, स्थिर डीसी वीज मागतं. ती स्थिर ठेवतात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे डबीसारखे छोटे भाग. त्यांच्या आतलं द्रव वर्षानुवर्षं उष्णतेने रबरी बुचातून झिरपून उडतं आणि अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. ०.०३ ओहमचा रोध ०.५ ओहम झाला की १ अँपिअरच्या तरंगप्रवाहाने (कमी-जास्त होणाऱ्या प्रवाहाने) व्होल्टेज ०.०३ ऐवजी ०.५ व्होल्टने हिंदकळतं. कपॅसिटरमध्येच निर्माण होणारी उष्णताही ०.०३ वॅटवरून ०.५ वॅटवर जाते, म्हणून तो आणखी लवकर सुकतो. नळी पेटताना विजेची ओढ वाढते, व्होल्टेज कोसळतं आणि इन्व्हर्टरचं संरक्षक सर्किट सगळं बंद करतं. गरम झाल्यावर ईएसआर थोडा उतरतो, म्हणूनच काही मॉनिटर चार-पाच वेळा विझून मग तासन्‌तास नीट चालतात. साध्या मल्टिमीटरवर असा कपॅसिटर मायक्रोफॅरड, म्हणजे वीज साठवण्याच्या क्षमतेचा आकडा, जवळजवळ बरोबर दाखवू शकतो. खरं निदान ईएसआर मीटरच करतो.

तापमान दर १० अंशांनी उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. १०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर ७५ अंशांना १६,००० तास टिकतो, ६५ अंशांना ३२,०००. रोज ८ तासांच्या हिशेबाने साडेपाच वर्षं आणि अकरा वर्षं. मे महिन्यात भिंतीला चिकटवून ठेवलेल्या मॉनिटरची हवेची जाळी मोकळी ठेवणं म्हणूनच मोलाचं.

पावसाळ्यात पडदा विझू लागला की कोणी दृष्ट काढतात, कोणी मॉनिटर उन्हात ठेवतात. दोन्हींनी कपॅसिटरमधलं उडालेलं द्रव परत येत नाही. उन्हाने पडद्यालाच इजा होते. दसऱ्याला हळद-कुंकू वाहायचं तर जाळीपासून लांब.

दुरुस्तीआधी प्लग काढून दहा मिनिटं थांबा. मोठ्या, ४०० ते ४५० व्होल्टच्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत दाब उरू शकतो. तो मल्टिमीटरने मोजा आणि उरला असेल तर २ किलोओहम, ५ वॅटच्या रोधकातून काही सेकंद उतरवा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. पडदा मऊ कापडावर पालथा ठेवा आणि मागचं कव्हर जुन्या प्लास्टिक कार्डाने उचका. डोकं फुगलेले कपॅसिटर आधी बदला. मात्र काहींचं बूच खालून सुटतं आणि वरून काहीच कळत नाही. तळाशी दिसणारा तपकिरी डिंक बहुधा गळती नसतो, तो कारखान्यात लावलेला असतो.

नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा आणि ‘लो ईएसआर’ हवा. व्यास आणि उंचीही मोजून घ्या, नाहीतर कव्हर बसत नाही. पट्टा असलेली बाजू ऋण. उलटा लावला तर तो फुटतो. इन्व्हर्टरजवळचा फ्यूजही तपासा.

एलईडी बॅकलाइटमध्ये दिवे एकसर जोडलेले असतात. एक तुटला की सगळी माळ विझते, आणि ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारं सर्किट, उरलेल्या माळाही बंद करू शकतो. ही दुरुस्ती घरच्या टेबलावर नको: पडद्यामागचे थर उघडताना आत गेलेला धुळीचा कण कायमचा काळा ठिपका होऊन बसतो.